"मामा, तुझी वही चुकीची आहे!" – वीस वर्षं चाललेल्या गेमची गोष्ट सांभाळायची कुणी?

तापीकाठचा ऑर्क (भुसावळ)

राम राम मंडळी. फार वर्षांनी धागा काढतोय, लांबला तर सांभाळून घ्या.

दिवाळीला बहीण माहेरी आली होती. भाचा अकरावीत आहे आणि सहा महिन्यांपासून वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन गेम खेळतोय. मामाचाच वारसा, बहीण मला रोज शिव्या घालते. तर हे साहेब ऑर्क शामन (ऑर्क जातीचा मांत्रिक) घेऊन ड्रेनोरमध्ये, म्हणजे ऑर्कांच्या मूळ जगात, फिरत होते. तिथं निळ्या कातडीचे, शिंगंवाले ड्रेनाय दिसले. त्यानं विचारलं, "मामा, हे लोक मूळचे इथलेच का?"

आता असा प्रश्न मला कुणी विचारावा म्हणून मी पंधरा वर्षं वाट बघतोय. उठलो, माळ्यावरून लाल वही काढली.

वही म्हणजे आमच्या वडिलांची केळीच्या हिशेबाची. पहिली तीसेक पानं गाडी नंबर, क्विंटल, भाव. त्यानंतर एकदम ॲझेरॉथ, म्हणजे गेममधलं जग. २००६ च्या आसपास आम्ही चौघं मित्र खेळायचो. खाजगी सर्व्हरवर (कंपनीच्या नाही, चोरट्या), हे आता कबूल करायला हरकत नाही. रात्री दोन ते सकाळी आठ नेट फुकट असायचं, त्यामुळे आमचं सगळं राज्य त्याच वेळात. सर्व्हरवर अर्धे क्वेस्ट, म्हणजे गेममधल्या कामगिऱ्या, मोडलेले. एनपीसीच्या (गेम स्वतः चालवतो त्या पात्राच्या) डोक्यावर पिवळं प्रश्नचिन्ह, आणि क्लिक केलं की रिकामी चौकट. म्हणून गोष्ट आम्ही बाहेरून गोळा करायचो. वॉरक्राफ्ट तीन या आधीच्या गेमचं मॅन्युअल कुणीतरी स्कॅन केलेलं मिळालं, ते स्टेशनसमोर झेरॉक्सवाल्याकडे छापून घेतलं. त्यावरून वहीत उतरवलं, कोण कुणाचा बाप, कोण कुणाला मारतो.

वहीत निळ्या पेनानं लिहिलंय: "ड्रेनाय – ड्रेनोरचे मूळ रहिवासी. ऑर्कांनी कापून काढले." त्याखाली: "एरेडार – दुष्ट जादूगारांची जात. यांच्या पापामुळे सार्गेरासचं डोकं फिरलं." सार्गेरास म्हणजे या गोष्टीतला मोठा खलनायक, आधीचा टायटन, म्हणजे जग घडवणाऱ्या देवांपैकी एक.

भाच्यानं वाचलं, मोबाइलवर दोन मिनिटं काहीतरी शोधलं आणि म्हणाला, "मामा, तुझी वही चुकीची आहे. ड्रेनाय आर्गस ग्रहावरून आले. ते स्वतःच एरेडार आहेत. आणि एरेडारांनी सार्गेरासला नाही, सार्गेरासनं एरेडारांना बिघडवलं."

मला हे माहीत नव्हतं असं नाही. २००७ मध्ये बर्निंग क्रुसेड हा गेमचा विस्तार आला तेव्हा हा उलटफेर झाला आणि त्यावर जगभर बोंब झाली, सगळं आठवतंय. आम्ही वहीत दुरुस्ती केली नाही एवढंच, कारण आम्हाला तो पटलाच नव्हता. पण पोरगं "चुकीची" म्हणालं ते लागलं हो. ती वही लिहिली तेव्हा ती बरोबर होती. कंपनीच्याच पुस्तकातून उतरवलेली होती.

तर प्रश्न असा. एवढी वर्षं चालणाऱ्या गेममध्ये गोष्ट बदलणार, हे मान्य. पण कशी बदलली तर चालते आणि कशी बदलली की फसवल्यासारखं वाटतं? तुमचे अनुभव सांगा. कुठलाही गेम चालेल.

---

भो थांब (धुळे)

इतलं वाची वाचीसन डोकं दुखाले लागनं भो.

मी २०१० पासून खेळतोय आणि एकही क्वेस्ट वाचलेला नाही. दहा रानडुकरं मार, आठ कातडी आण, परत ये. सार्गेरास कोण हेही मला रेडमध्ये (मोठ्या गटाच्या मोहिमेत) कळलं, ते पण नाव स्क्रीनवर आलं म्हणून.

वही मात्र भारी. केळीच्या भावाचं पान टाका इथं.

---

तापीकाठचा ऑर्क

@भो थांब, ते पान टाकलं तर माझे वडील धाग्यावर येतील आणि मग ॲझेरॉथ राहील बाजूला.

---

कळण्याची भाकरी (मूळची पाचोऱ्याची, सध्या पुणे)

दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे फायनल फँटसी चौदाचं आहे.

हा गेम पहिल्यांदा ३० सप्टेंबर २०१० ला आला आणि सपशेल आपटला. इतका की कंपनीनं जाहीर माफी मागितली, नवीन प्रमुख म्हणून नाओकी योशिदांना आणलं आणि ठरवलं की गेम बंद करून पुन्हा नव्यानं बांधायचा. दुसऱ्या कुणीही गपचूप जुना गेम पुसून नवा टाकला असता. "आधीचं विसरा" म्हटलं असतं, आणि लोकांनी विसरलंही असतं, कारण आधीचं कुणाला आवडलंच नव्हतं.

यांनी काय केलं? आकाशात एक लाल चंद्र होता, दालामुद. बंद व्हायच्या आधीचे कित्येक महिने तो दर पॅचला (अपडेटला) थोडा थोडा मोठा होत गेला. लोक मासे धरतायत, बाजारात भाव करतायत आणि डोक्यावर चंद्र वाढतोय. ११ नोव्हेंबर २०१२ ला सर्व्हर बंद झाले, ते चंद्र कोसळून आणि त्यातून बाहामुत नावाचा महाकाय ड्रॅगन बाहेर पडून. जग खरोखर बुडालं. ऑगस्ट २०१३ मध्ये नवा गेम आला, तो त्या प्रलयानंतर पाच वर्षांनी सुरू होतो. नकाशा बदलला? प्रलय झाला होता ना! शहराची मोडतोड झाली? अहो प्रलय!

आणि ज्या गोष्टीसाठी मी या गेमवर जीव टाकते ती ही: जुन्या गेमचे जे खेळाडू होते, त्यांना नव्या जगातले लोक आठवतात, पण चेहरा आठवत नाही. "ते वीर होते, त्यांनी आम्हाला वाचवलं, पण उजेडात उभ्या माणसासारखे दिसतात, तोंड दिसत नाही." जुन्या खात्यानं आलेल्या खेळाडूला पाहून एखादा एनपीसी थबकतो, तुला कुठंतरी पाहिलंय म्हणतो. हजारो खेळाडू सगळेच "तो एकमेव वीर" कसे असतील, ही प्रत्येक ऑनलाइन गेमची जुनी अडचण. इथं ती अडचणच गोष्ट झाली.

मी स्वतः जुना गेम खेळलेली नाही, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आले. पण एका म्हाताऱ्या एनपीसीनं प्रलयाच्या रात्रीचं वर्णन केलं तेव्हा मला कळलं, हा माणूस बंद पडलेल्या सर्व्हरबद्दल बोलतोय.

---

रावेर लोकल (रावेर)

ताई, लिहिलंय छान, पण त्या गेमची दुसरी बाजू सांगा. नवीन भागात जायचं तर आधीची सगळी मुख्य कथा क्रमानं संपवावी लागते. मित्रांबरोबर खेळायला म्हणून घेतला मी, ते एंडवॉकर या पुढच्या भागात आणि मी अजून एका सरायवाल्याला वाइनची बाटली नेऊन देतोय. तीन महिने बाटल्याच पोचवल्या. शेवटी मित्रच गेम सोडून गेले.

गोष्ट एकसंध आहे कारण तुम्हाला उडी मारता येत नाही. (पैसे देऊन कथा टाळण्याची सोय आहे म्हणा, पण मग एकसंध कथेचा उपयोग काय?)

---

कळण्याची भाकरी

खरंय. मलाही सुरुवातीचे कित्येक तास नुसते डोळे चोळत काढावे लागले. फुकट काही मिळत नाही.

---

अस्तंबा (शहादा)

मी शिक्षक आहे, त्यामुळे थोडं लांबण लागेल, आधीच माफी.

ऑर्कभाऊ, तुमचा राग मला नीट कळला नाही. गोष्ट दोन तऱ्हेनं सांगितली गेली म्हणून ती खोटी होते का? माझं टोपणनाव बघा. आमच्या सातपुड्यात धडगावकडे अस्तंबा डोंगर आहे. दिवाळीत, धनत्रयोदशीपासून यात्रा भरते, लोक रात्रीचे डोंगर चढतात. तिथं अश्वत्थामा आहे म्हणतात, कपाळावरच्या जखमेला लावायला तेल मागत फिरतो. माझ्या आजीनं मला सांगितलेलं, की वाटेत उंच माणूस तेल मागायला आला तर नाही म्हणू नको.

आता बऱ्हाणपूरकडे जा, अशीरगडावर. तिथले लोक सांगतील की अश्वत्थामा गडावरच्या महादेवाला रोज पहाटे फूल वाहतो. माझी मावशी तिकडे दिलेली. लहानपणी उन्हाळ्यात तिच्याकडे गेलो तेव्हा मी म्हणालो, "मावशी, तो तर आमच्याकडं असतो." ती म्हणाली, "तुमच्याकडं दिवाळीला येतो." झालं! भांडण नाही, काही नाही. एका वाक्यात दोन्ही खरे.

एरंडोलला पांडववाडा आहे, भीमानं बकासुर मारला तो तिथंच, पद्मालयाजवळ भीमकुंडही दाखवतात. बंगालमध्येही एक एकचक्रा आहे आणि तेही तेच म्हणतात. हजारो वर्षं चाललेली कथा अशीच चालते.

आणि गेमवाल्यांना हे कळतं. एल्डर स्क्रोल्सचं उदाहरण घ्या. १९९६ च्या डॅगरफॉलमध्ये शेवट अनेक होते, खेळाडूनं निवडायचे. पुढचा भाग काढायचा तर कुठला शेवट खरा धरणार? २००२ च्या मॉरोविंडमध्ये त्यांनी सांगितलं, सगळेच खरे. काळ त्या ठिकाणी फाटला, 'ड्रॅगन ब्रेक' झाला, आणि सगळे शेवट एकाच वेळी घडले. गेममध्ये जागोजागी पुस्तकं सापडतात, एका पुस्तकात एक लिहिलंय, दुसऱ्यात नेमकं उलट, कारण एक साम्राज्याच्या पगारी माणसानं लिहिलंय आणि दुसरं पुजाऱ्यानं. कुणाचं ऐकायचं ते तुम्ही ठरवा. त्यांच्या ऑनलाइन गेममध्येही २०१४ पासून हीच पद्धत आहे.

---

भो थांब

"तुमच्याकडं दिवाळीला येतो" 😂 मावशीला ब्लिझार्डमध्ये (वॉरक्राफ्टवाली कंपनी) नोकरी द्या कुणीतरी.

---

जुना हिशेब (जळगाव)

मावशीचा किस्सा उत्तम, पण सर, ड्रॅगन ब्रेक ही मला पळवाट वाटते. "सगळंच खरं" म्हटलं की कुठल्याच शेवटाला वजन राहत नाही. मी एका राजाचा जीव वाचवायला चाळीस तास घातले, तुम्ही दुसऱ्याला. पुढच्या भागात लेखक म्हणतो दोन्ही झालं. मग मी चाळीस तास काय केलं?

एक आतली गोष्ट सांगतो. मी काही वर्षं एका कंपनीत गेममधला मजकूर तपासायचं काम केलं. कंपनीचं नाव सांगत नाही, तुम्ही विचारूही नका. लोकांना वाटतं लेखक कुठंतरी खोलीत बसून मुद्दाम इतिहास बदलतात. तसं नसतं हो. माझ्यासमोर असायचा तक्ता. एका ओळीत एक वाक्य. कोण बोलतंय लिहिलेलं नाही, बाई की पुरुष लिहिलेलं नाही, आधी काय घडलं लिहिलेलं नाही. शेजारी एक आकडा, की एवढ्या अक्षरांत बसलं पाहिजे.

विसंगती जन्मते कशी ते बघा. एका टीमला नव्या गुहेसाठी खलनायक हवा. नवीन घडवला तर चेहरा, आवाज, सगळं नव्यानं. म्हणून जुन्या यादीतून एक नाव उचललं. तो तीन वर्षांपूर्वी कुठल्यातरी कोपऱ्यातल्या क्वेस्टमध्ये मेला होता. ते क्वेस्ट लिहिणारा माणूस सोडून गेला. यादीत "मृत" असा रकानाच नव्हता. झालं, मेलेला माणूस जिवंत. मी पकडलं तेव्हा आवाज ध्वनिमुद्रित होऊन बसला होता. आवाज पुन्हा करायचा म्हणजे कलाकार, स्टुडिओ, तारखा. मजकूर बदलायला दोन मिनिटं. म्हणून लिहिलेल्या ओळीत आम्ही त्याला "भाऊ" केलं, म्हणजे मेलेल्याचा भाऊ. आणि आवाज तसाच, "मला ओळखलं नाहीस?" असं विचारतो. आजही तो तसाच विचारत असेल.

त्यामुळे ऑर्कभाऊ, तुमची वही ही कंपनीकडे असायला हवी होती. ही थट्टा नाही. वीस वर्षं गेम टिकला की खेळाडूंना गोष्ट कंपनीपेक्षा जास्त माहीत असते, कारण खेळाडू तेच राहतात आणि नोकर बदलतात.

---

रावेर लोकल

यावर लाल शर्टवाल्या मुलाचा किस्सा कुणी कसा काढला नाही अजून?

नव्या लोकांसाठी: २०१० च्या ब्लिझकॉनमध्ये, म्हणजे ब्लिझार्डच्या मेळाव्यात, प्रश्नोत्तरं चालू होती. लाल शर्ट घातलेला एक पोरगा माईकपाशी आला, आवाज एकसुरी, नजर खाली. त्यानं विचारलं, आयर्नफोर्ज या बुटक्यांच्या राजधानीतल्या तीन हातोड्यांच्या मंडळात (तीन कुळांचं राज्यमंडळ) वाइल्डहॅमर कुळाकडून फॉलस्टॅड का नाही, त्याचं काय झालं? स्टेजवरचे म्हणाले, तो मेला ना? पोरगा म्हणाला, नाही, तो पहिल्यापासून गेममध्ये एअरी पीकला उभा आहे. गेम ज्यांनी बनवला त्यांना, भर सभेत! लोक हसले आणि टाळ्या वाजवल्या.

कॅटॅक्लिझम हा पुढचा विस्तार त्याच डिसेंबरात आला. मंडळात फॉलस्टॅड बसला. आणि त्याच्याजवळ एक नवीन बुटका उभा केला, लाल शर्ट घातलेला, नाव "वाइल्डहॅमर फॅक्ट चेकर". अजून तिथंच आहे.

---

तापीकाठचा ऑर्क

हा किस्सा माझ्या वहीत आहे! तारखेसकट! हिरव्या पेनानं.

@जुना हिशेब, "मला ओळखलं नाहीस?" वाचून रात्री एकटाच हसत बसलो, बायको उठून आली.

@अस्तंबा सर, तुमचं म्हणणं दोन दिवस डोक्यात घोळतंय. मावशीचं उत्तर मलाही आवडलं. पण माझं दुखणं वेगळं आहे आणि ते आता कुठं शब्दांत सापडायला लागलंय. एरेडारांच्या वेळी काय झालं सांगतो. लोकांनी चूक दाखवल्यावर क्रिस मेट्झननं, म्हणजे या जगाच्या मुख्य लेखकानं, फोरमवर येऊन सरळ सांगितलं की हो, चूक माझी, जुनं लिहिलेलं मी तपासलंच नाही. आम्ही तेव्हा त्याला लाख शिव्या घातल्या. आज वाटतं, माणूस सरळ होता.

त्यानंतर काय काय झालं बघा. २०१६ मध्ये 'क्रॉनिकल' नावाचा जाडजूड ग्रंथ आला, पहिला खंड. आता हाच खरा इतिहास, सगळ्या गाठी सोडवल्या, अशा थाटात. त्यात सार्गेरास बिघडायचं कारण पुन्हा वेगळं, व्हॉइड या काळोख्या शक्तीची भीती. मी तो ग्रंथ मागवला, वहीत लाल पेनानं नोंदी केल्या. काही वर्षांनी कंपनीतलेच लोक म्हणाले, तो ग्रंथ टायटन लोकांच्या नजरेतून लिहिलाय, म्हणजे अंतिम सत्य नाही. आता सांगा, हे अशीरगडच्या मावशीसारखं आहे का?

---

कळण्याची भाकरी

नाही, मुळीच नाही! हेच मला सरांना सांगायचं होतं.

आमच्याकडे गुलाबाई बसते, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत. आई पाचोऱ्याची, काकू शिरपूरची. एकाच गाण्याच्या दोन चाली, शब्द वेगळे, एकीत सासू सोन्याचे गोट देते आणि दुसरीत सासू काहीच देत नाही. दरवर्षी दोघींची जुंपते. पण आईनं काकूला कधी असं सांगितलं नाही की "तुझ्या गावचं गाणं आजपासून रद्द, आणि हे बघ छापील पुस्तक." आणि मग पुढच्या वर्षी, "ते पुस्तक पण फक्त माझ्या सासूचं मत होतं बरं का."

लोककथेला मालक नसतो म्हणून ती दोन तोंडांनी बोलली तरी चालते. गेमला मालक आहे, तो महिन्याला पैसे घेतो, आणि खरं काय ते ठरवायचा हक्क स्वतःकडे ठेवतो. हक्क ठेवायचा तर जबाबदारी पण ठेवा.

एल्डर स्क्रोल्सवाल्यांचं मला पटतं ते यामुळे की त्यांनी पहिल्या दिवसापासून सांगितलंय, पुस्तकावर लेखकाचं नाव बघून मग विश्वास ठेवा. नाव नंतर चिकटवलं तर तो लबाडपणा.

---

अस्तंबा

ताई, मान्य. "नाव नंतर चिकटवलं" हे बरोबर पकडलंत. आजीनं गोष्ट सुरू करतानाच "असं म्हणतात" म्हटलं होतं.

---

निळी सावली (चाळीसगाव)

वाचनमात्र होते, आज राहवलं नाही.

मला सार्गेरासशी घेणंदेणं नाही, माझा राग आर्थससाठी आहे. वॉरक्राफ्ट तीन मी दहावीच्या सुट्टीत चुलत भावाच्या कॉम्प्युटरवर खेळले. राजपुत्र आपल्या लोकांना वाचवायला निघतो आणि एक एक पाऊल टाकत स्वतःच राक्षस होतो. स्ट्रॅथोमचं शहर, जिथं तो रोग पसरायच्या आधीच नागरिकांना मारायला सांगतो. ते मिशन माझ्या हातून झालं होतं, माउस माझ्या हातात होता. मी तेव्हा खेळ थांबवून बाहेर ओट्यावर जाऊन बसले होते. तो मोह त्याचा होता, ती तलवार त्यानं स्वतः उचलली.

२०२० मध्ये शॅडोलँड्स हा विस्तार आला आणि कळलं की ती तलवार आणि त्यानं नंतर घातलेलं शिरस्त्राण मुळात जेलर नावाच्या कुणा नव्या पात्रासाठी घडवलेलं होतं, आणि एवढी वर्षं पडद्याआड सगळं तोच करत होता. आर्थसच्या गोष्टीतली एकही घटना बदलत नाही हे मान्य. तारखा जुळतात, नावं जुळतात. जुना हिशेब यांच्या तक्त्यात हे चूक म्हणून सापडणारसुद्धा नाही. पण माझं ओट्यावर बसणं फुकट गेलं ना.

---

जुना हिशेब

निळी सावली, खरंय. तक्त्यात नाही सापडणार.

---

भो थांब

स्ट्रॅथोम मी पण खेळलोय. ते एकच मिशन मी वाचलंय सगळं. बाकी काही बोलत नाही.

---

रावेर लोकल

आता थोडी भाच्याची बाजू घेतो, बिचारा सगळ्यांत लहान.

आज नवीन खेळाडूला हे जग कसं दिसतं? क्रोमी नावाची बुटकी बाई विचारते, कुठल्या काळात जायचंय? कुठलाही जुना विस्तार निवडा. म्हणजे हा ड्रेनोरमध्ये २०१४ ची कथा खेळणार, मग एकदम आजच्या शहरात येणार. कॅटॅक्लिझमच्या गावांमध्ये होर्डचा (ऑर्क वगैरेंच्या गटाचा) प्रमुख गॅरोश, राजधानीत आला की गॅरोश मेलेला, आणि त्याच्यानंतरचे दोन प्रमुख येऊन गेलेले. टेल्ड्रासिलचं झाड २०१८ मध्ये जळून खाक झालं, पण झिडोर्मी नावाच्या एनपीसीशी बोललं की ती न जळलेल्या काळात नेऊन सोडते. त्याच्या दृष्टीनं "आधी" आणि "नंतर" हेच राहिलेलं नाही. तो मोबाइलवर विकी बघतो कारण गेम त्याला क्रम सांगतच नाही.

आणि निदान वॉरक्राफ्टमध्ये जुनं खेळता तरी येतं. गिल्ड वॉर्स दोनमध्ये पहिल्या लिव्हिंग वर्ल्ड मोसमाची कथा तात्पुरती होती, आली तशी गेली. मी उशिरा आलो. सगळे एनपीसी माझ्याशी असे बोलायचे जणू आम्ही मिळून एक मोठं युद्ध लढलोय. लग्नाला न जाता फक्त आहेराच्या पंगतीत बसल्यासारखं. ती कथा परत आणली २०२२ मध्ये, तोवर मी सोडून दिला होता.

---

कळण्याची भाकरी

आहेराची पंगत 😄

---

तापीकाठचा ऑर्क

रावेरभाऊ, हे मला सुचलंच नव्हतं. मी भाच्याला वही दाखवत होतो ती क्रमाच्या जोरावर. वहीत पान चाळीस पान पन्नासच्या आधी येतं. त्याच्या गेममध्ये पानंच सुटी आहेत.

काल रविवार, तो पुन्हा आला. वही मागितली. मी म्हटलं, चुकीची आहे ना? तर म्हणे, "चुकीची नाही रे, जुनी आहे." मग दोघं जमिनीवर बसलो. त्यानं एरेडारांच्या पानावर काय केलं सांगतो. मला वाटलं माझी ओळ खोडणार. खोडली नाही. समासात लिहिलं: "२००२, मॅन्युअल." त्याखाली त्याच्या अक्षरात दुसरी ओळ, "२००७, बर्निंग क्रुसेड: सार्गेरासनं एरेडारांना बिघडवलं. लेखक म्हणाला चूक झाली." तिसरी, "२०१६, क्रॉनिकल: व्हॉइडची भीती. (टायटन म्हणतात.)" आणि चौथी शॅडोलँड्सची, की ज्या नॅथ्रेझिम राक्षसांनी सार्गेरासच्या कानाला लागून हे सगळं घडवलं, ते मुळात शॅडोलँड्समधल्या डेनॅथ्रियस नावाच्या सत्ताधीशाचे हेर. समोर कंसात, "मामाला पटलेलं नाही."

एकाच गोष्टीचे चार पाठ, चार रंगांत. शाई संपली म्हणून चौथा त्यानं पेन्सिलनं लिहिला.

निळी सावली ताई, आर्थसचं पान त्याला दाखवलं. तिथं आमच्यातल्या एकानं, जो आता या जगात नाही, फक्त एवढंच लिहिलंय: "स्ट्रॅथोम. आज पुढे खेळलो नाही." त्या पानावर भाच्यानं काही लिहिलं नाही. मीही सांगितलं नाही.

---

निळी सावली

🙏

---

अस्तंबा

भाऊ, ती पानं स्कॅन करून ठेवा. माळ्यावर वाळवी लागते. अनुभवाचे बोल.

---

जुना हिशेब

आणि "मृत" असा एक रकाना करा हो वहीत. नाहीतर उद्या कुणालातरी भाऊ करावं लागेल.

---

तापीकाठचा ऑर्क

रकाना केला.

आता तातडीचं. भाच्याला लाल शर्टवाल्या बुटक्याला प्रत्यक्ष भेटायचंय. आम्ही दोघंही होर्ड, आयर्नफोर्ज म्हणजे शत्रूची राजधानी, आणि तो बसलाय अगदी आत, मंडळाच्या दालनात. पहारेकरी दारातच कापतील. शनिवारी रात्री दहाला निघतोय, उशिरा नाही, बहिणीनं अकराची वेळ घालून दिलीय. कोण येतंय? पाच जण तरी हवेत, त्यातला एक बरं करणारा.

---

भो थांब

मी येतो. टँक आहे, पुढं राहून मार झेलणारा. काय करायचं ते बोलून सांगा फक्त, वाचणार नाही.

---

कळण्याची भाकरी

माझं जुनं खातं आहे, पुजारी, होर्ड. चार वर्षं उघडलेलं नाही, पासवर्ड सापडला तर येते.

---

रावेर लोकल

शनिवारी आमच्याकडे दहाला लाइट असेल याची खात्री नाही. मोबाइलच्या नेटवर येतो. पिंग तीनशे, म्हणजे मी उशिराच हलणार, असं धरून चाला.